थोरल्यांचे तीन चित्रपट

चिमीला तिच्या मामाने थोरल्यांचा पहिला चित्रपट दाखवला तेव्हा ती एवढीशी होती. समोरच्या माणसाच्या डोक्यावरून पडदा दिसावा म्हणून तिला मामाच्या मांडीवर बसावं लागलं. चित्रपट होता 'दिव्याचा रखवालदार'. समुद्रकाठच्या दीपगृहात एकटा राहणारा माणूस रोज संध्याकाळी जिना चढतो, काच पुसतो आणि दिवा लावतो. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण त्यात एका जागी तो पुसता पुसता थांबतो, आणि काचेच्या स्वच्छ झालेल्या तेवढ्याच गोलातून लांबवर एक बोट दिसते. ती इतकी सावकाश सरकते, की सरकते आहे हेच आधी कळत नाही. चिमी त्या बोटीकडे श्वास रोखून बघत राहिली होती. घरी येताना तिने विचारलं, "मामा, ती बोट कुठे गेली?"

"ते थोरल्यांनाच विचारायला हवं," मामा म्हणाला.

दिग्दर्शकाचं नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरांत असायचं, पण मामा आणि त्याचे दोस्त त्यांना नुसतं थोरले म्हणत. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाविषयी बोलावं तसं. थोरल्यांचं नवीन काय चाललंय, थोरले आजारी होते म्हणे, थोरल्यांनी या वेळी जरा निराश केलं. यांच्यातल्या कुणीही त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

पुढे चिमी दातांची डॉक्टर झाली, तिने बाजाराच्या रस्त्यावर दवाखाना थाटला, लग्न केलं. नवऱ्याचं फरशांचं दुकान होतं. लग्न ठरण्याआधी तो तिच्याबरोबर थोरल्यांचा 'वजनकाटा' बघायला आला होता आणि मध्यंतराच्या आत तिच्या खांद्यावर डोकं टाकून घोरायला लागला होता. तरीही तिने होकार दिला याचं मामाला अजून नवल वाटे. "दिवे गेले की हा गेला," मामा म्हणायचा. नवरा हसून कबूल करायचा. दिवसभर फरशा उचलणाऱ्या माणसाला मऊ खुर्ची आणि अंधार मिळाल्यावर त्याने दुसरं काय करायचं, असा त्याचा सवाल असे.

गावात चित्रपट मंडळ होतं. मंडळ म्हणजे मुख्यतः तिघं. चिमी, मामा आणि औषधाच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे गोळीवाले म्हणत. एकदा सिनेमागृहाच्या मालकाने गोळीवाल्यांना निरोप पाठवला, की येत्या महिन्यात एक शनिवार-रविवार तो हॉल मंडळाला देईल. तीन खेळ करा, काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा.

काय दाखवायचं याबद्दल वाद नव्हताच. थोरले. वाद होता तो कुठले तीन याचा. थोरल्यांनी अकरा चित्रपट केले होते.

ठरवायची बैठक चिमीच्या दवाखान्यात भरली, शेवटचा रुग्ण गेल्यावर. मामाची पाठ दुखत होती म्हणून त्याने सरळ रुग्णाच्या खुर्चीचा ताबा घेतला आणि ती मागे पाडून आडवा झाला. त्यामुळे पुढचा सगळा वाद तो छताकडे बघत, एक बोट वर करून घालत होता.

"पहिला 'दिव्याचा रखवालदार'. यावर कुणी तोंड उघडायचं नाही," चिमी म्हणाली.

"या खोलीत हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं," गोळीवाले म्हणाले.

"दुसरा 'वजनकाटा'," मामाने छताला सांगितलं. "त्याच्याशिवाय थोरले म्हणजे दाराशिवाय घर."

'वजनकाटा' मान्य झाला. एका धान्यबाजारात खोटं माप धरायला लागलेल्या माणसाची ती गोष्ट होती आणि ती बघून आल्यावर मामा दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्यापाशी गाडी अडली. चिमीने पुराचं पाणी ओसरल्यानंतरच्या गावावरचा 'पाणी उतरल्यावर' सुचवला. मामाही तिकडेच कलत होता. गोळीवाले मात्र हाताची घडी घालून बसले.

"तुम्ही दोघांनी आपापलं दामटलंत. आता माझी पाळी. 'आईचं कपाट'."

चिमीला वाटलं ते थट्टा करताहेत. "गोळीवाले, अहो, तो विनोदी आहे."

"मग? थोरल्यांनी हसवू नये असा कुठे कायदा आहे?"

"दोन भाऊ कपाट घेऊन गावभर धडपडतात. इथे आपटतात, तिथे आपटतात. त्यात आहे काय?"

"तेच आहे."

"अकरा पोरांत एखादं नापास निघतंच," मामा म्हणाला. "हे नेमकं तेच उचलून आणताहेत. थोरल्यांनी तो एका पावसाळ्यात घाईघाईने उरकला होता, त्यांनी स्वतः कधी त्याचं नाव घेतलं नाही. लोक काय म्हणतील? यांना एवढंच कळतं थोरल्यांतलं?"

गोळीवाले ऐकेनात. बायको माहेरी निघून गेली होती त्या काळात आपण तो चित्रपट तीनदा पाहिला आणि तीनदा पोट धरून हसलो, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ज्या गोष्टीने माणूस तरतो ती वाईट कशी, हा त्यांचा मुद्दा. शिवाय हॉल त्यांच्या शब्दावर मिळाला होता. शेवटी एकेकाने एकेक असं ठरलं. मामाने खुर्ची सरळ करायची कळ शोधली, ती सापडेना, तेव्हा चिमीने त्याला उठवून बसवलं. "कपाट!" तो पुटपुटला. "पोस्टरवर ते सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत घाला."

थोरल्यांना बोलावून बघावं, ही कल्पनाही गोळीवाल्यांचीच. त्यांनी ओळखीपाळखीतून फोन नंबर मिळवला आणि चिमीच्या हातात दिला. "तुम्ही बोला. माझी जीभ टाळ्याला चिकटेल."

फोन थोरल्यांच्या लेकीने घेतला. शाळेत गणित शिकवणारी, बोलणं मोजूनमापून. तिने सरळ सांगितलं, "बाबांना आता दिसत नाही. अजिबात. तीन वर्षं झाली. ते कुठल्याच कार्यक्रमाला जात नाहीत."

इतक्यात मागून आवाज आला, "कोण आहे? कुठले दाखवताहेत विचार." आणि मग फोनवर थोरले स्वतः आले.

तिने तिन्ही नावं सांगितली. तिसरं सांगताना तिचा आवाज आपोआप खाली आला.

"किती माणसं मावतात तुमच्या हॉलमध्ये?"

"चारशे. पण इतकी येतील असं नाही."

"मी येतो. भाषण करणार नाही. माझी एकच अट आहे. मला पडद्याच्या शेजारी खुर्ची द्या. तोंड लोकांकडे करून."

"लोकांकडे?"

"चित्र मला दिसायचं नाही, बाई. लोक ऐकू येतील."

ही बातमी गावात पसरली तशी तिकिटं संपली. शनिवारी सकाळी थोरले आले. उंच, वाकलेले, अंगावर कोपरांपाशी विटलेला कोट. लेकीच्या दंडाला धरून ते हॉलच्या मधल्या वाटेने चालत गेले. चालता चालता त्यांनी एकदा टाळी वाजवली आणि कान दिला. "छत लाकडाचं आहे," ते म्हणाले. "छान."

मामा स्वच्छ दाढी करून, नवे बूट घालून आला होता. आयुष्यभर ज्यांच्यावर बोलला त्यांच्यासमोर उभा राहिल्यावर तो म्हणाला, "बूट चावताहेत," आणि लाजून मागे झाला. थोरल्यांनी आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. मामाने तो दोन्ही हातांत धरला आणि इतका वेळ सोडला नाही, की लेकीला खाकरावं लागलं.

शनिवारी 'दिव्याचा रखवालदार' झाला. चिमी पहिल्या रांगेत कडेला बसली होती. थोडा वेळ तिने पडद्याकडे पाहिलं आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण खुर्चीकडेच बघतोय. पडद्यावरचा उजेड थोरल्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडत होता. समुद्र आला की गाल निळसर व्हायचा, दिवा लागला की पिवळा. त्यांनी मान किंचित तिरपी धरली होती, दारामागचं बोलणं ऐकावं तशी. बोटीची जागा आली. हॉलमध्ये कुणी हललं नाही, खोकलं नाही, आणि त्या शांततेत थोरल्यांचा खालचा ओठ हळूच कापायला लागला. चिमीने आजवर ती बोट कितीतरी वेळा पाहिली होती. या वेळी ती कधी आली आणि कधी गेली हे तिने पाहिलंच नाही, पण तिच्या अंगावर काटा आला.

रविवारी सकाळी 'वजनकाटा' झाला. त्यावर मामा जे काही बोलला ते सगळं जेवणाच्या वेळी आणि तोंडात घास असताना बोलला, त्यामुळे फारसं कुणाला कळलं नाही.

दुपारी 'आईचं कपाट'. मुलंबाळं घेऊन लोक आले होते, विनोदी म्हणून. नवराही आला होता, चिमीच्या शेजारी, पाय लांब करून झोपेच्या तयारीने. गोष्ट साधी आहे. आई गेल्यावर तिचं कपाट मोठ्या मुलाच्या घरून धाकट्याच्या घरी न्यायचं असतं. दोघं भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. ठरवलेली गाडी वाटेत मोडते, आणि मग दोघांना ते कपाट हातांवर उचलून गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावं लागतं. दारात अडकतं, जिन्यात अडकतं, एकदा त्यात मांजर शिरून बसतं. लोक खळखळून हसत होते. गोळीवाले तर मांडीवर थापा मारत होते. चिमीही दोनदा हसली आणि दोन्ही वेळा तिला स्वतःचा थोडा राग आला.

शेवटची वीसेक मिनिटं राहिली असतील. दोघं भाऊ गावाबाहेरच्या उताराला लागले होते. आणि एकदम पडदा काळा झाला.

आवाज चालूच होता. अंधारात पावलं वाजत होती, कपाटाची कडी खुळखुळत होती. वरून, यंत्राच्या खोलीतून, यंत्र चालवणाऱ्याने ओरडून सांगितलं, "दिवा उडाला! नवीन आहे माझ्याकडे, पण आधी हा गार व्हायला हवा. हात लावता येत नाही. आवाज बंद करतो!"

लोक चुळबुळायला लागले. काहींनी मोबाइल उजळले. एक मूल रडायला लागलं.

"काय झालं?" खुर्चीतून थोरल्यांनी विचारलं. "चित्र गेलं का?"

"गेलं, बाबा," लेक म्हणाली. "लोकांनी मोबाइल उजळलेत."

थोरले उठून उभे राहिले. खुर्चीच्या पाठीवर एक हात. "आवाज बंद करू नका," त्यांनी वर तोंड करून, खणखणीत आवाजात सांगितलं. मग लोकांकडे वळून साधेपणाने म्हणाले, "मी सांगतो. ते छोटे दिवे विझवा."

मोबाइल विझले. हॉल काळाकुट्ट झाला. आणि त्या अंधारात, चित्रपटाच्या आवाजाला धरून, थोरले बोलायला लागले.

"उतार आहे. मोठा पुढे आहे, पण उलटा चालतोय. पाठ रस्त्याकडे. त्याला रस्ता दिसत नाही, फक्त धाकट्याचा चेहरा दिसतो. इतकी वर्षं जो चेहरा टाळला, तो आता समोर आहे, हातभर अंतरावर. नजर काढली तर पडेल. धाकट्याच्या कपाळावरून घाम येतोय. पुसायला हात मोकळा नाही. डोळ्यात जातोय. आता बघा, मोठा काय करतो."

चित्रपटात फूः असा फुंकर मारल्याचा आवाज आला.

चिमीने हा आवाज आजवर ऐकला होता का? ऐकला असेल. पडद्यावर मोठा भाऊ गाल फुगवतो, ते विचित्र दिसतं, लोक हसतात, तीही हसली असेल. धाकट्याच्या डोळ्यात चाललेला घाम मोठ्या भावाने फुंकर मारून उडवला, हे तिला आत्ता, काहीही दिसत नसताना, दिसलं.

"दगड," चित्रपटातला धाकटा म्हणाला.

"हा पहिला शब्द," थोरले म्हणाले. "सगळ्या चित्रपटात तो भावाशी बोललेला पहिला शब्द. मोठा डावा पाय उचलतो. दगड कुठे आहे ते बघत नाही. धाकटा म्हणाला ना, मग आहे."

"डावीकडे. पायरी. अजून एक," पडद्यामागून धाकट्याचा आवाज येत राहिला, आणि त्याच्यामागे कपाटाच्या आत काहीतरी टकटक आपटत होतं.

"ते आईचे हँगर आहेत. कपडे वाटून टाकले, हँगर राहिले. कपाट आडवं धरलंय, आरसा वरच्या अंगाला. आरशात सगळं आकाश आहे. दोघं भाऊ आकाश घेऊन चाललेत, पण त्यांना ते माहीत नाही, कारण दोघंही खाली आणि समोर बघताहेत. ढगाचा एक तुकडा आरशात या टोकाकडून शिरला. मोठ्याच्या हाताखालून निघाला. आता घरं सुरू झाली. गल्ली अरुंद. आरशात छपरांच्या कडा सरकताहेत, तारा सरकताहेत. उजवीकडे वरच्या मजल्यावर खिडकी आहे. खिडकीत एक बाई ओले केस पुसते आहे. तिने खाली पाहिलं. खालून आरसा चाललाय, आणि आरशात तीच. हातात टॉवेल तसाच. ती हसली. कुणाला नाही, स्वतःलाच. आरसा गेला."

चारशे माणसं बसली होती. रडणारं मूल गप्प झालं होतं. थोरल्यांचा आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता. पाऊल वाजायच्या आधी ते पावलाचं सांगत, दार कुरकुरायच्या आधी दाराचं. एकदाही मागेपुढे झालं नाही. ज्या माणसाने तो चित्रपट कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आता कधी पाहणारही नव्हता, त्याच्याजवळ तो आतल्या आत अखंड चालू होता, आणि तो फक्त मोठ्याने वाचत होता. चिमीच्या मनात आलं, यांचे अकराही चित्रपट यांच्या आत असेच असतील. प्रत्येक काच, प्रत्येक बोट. इतक्या मोठ्या गोष्टीच्या इतक्या जवळ आपण बसलो आहोत याची तिला भीती वाटली. देवळात, डोंगरावर, कुठेही तिला असं वाटलं नव्हतं.

"आता धाकट्याचं घर आलं," थोरले म्हणाले. "कपाट खाली ठेवलं."

धप्प असा आवाज झाला. मग बराच वेळ फक्त दोन माणसांचं धापा टाकणं.

"आता मोठा जाऊ शकतो. काम झालं. हात मोकळे आहेत, वळू शकतो. तो वळत नाही. सवय झाली आहे समोर बघायची."

एवढं बोलून ते थांबले. चित्रपटातले श्वास चालू होते. त्यात हळूहळू हॉलमधले श्वास मिसळले, आणि कुठले पडद्यावरचे आणि कुठले आपले हे कळेनासं झालं.

त्यानंतर पडदा उजळला. दिवा बसला होता. पण तोवर कपाट घरात गेलं होतं, आणि पडद्यावर रिकामा रस्ता आणि वर सरकणारी नावं एवढंच उरलं होतं. यंत्र चालवणाऱ्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "मागे घेऊन दाखवू का? हुकलेलं?"

कुणी हो म्हणालं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "काय हुकलं?"

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. लोक आधी उभे राहिले. थोरल्यांना ते कळलं, खुर्च्यांचा आवाज ऐकून. त्यांना वाटलं लोक निघाले. "चला," ते लेकीला म्हणाले. आणि मग टाळ्या सुरू झाल्या, तेव्हा ते दचकले आणि त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

चिमीने शेजारी पाहिलं. नवरा टक्क जागा होता. त्याचे डोळे ओले होते आणि ते लपवायचं त्याला सुचलं नव्हतं. "बघायला काही नव्हतं ना," तो म्हणाला, "म्हणून झोप नाही आली." आणि थोड्या वेळाने, "माझ्या दादाला फोन करायचाय मला." गोळीवाले हसत नव्हते आणि, आश्चर्य म्हणजे, आपलं खरं ठरलं म्हणून मिरवतही नव्हते. ते नुसते बसून होते.

नंतर मालकाच्या खोलीत चहा झाला. थोरले दमले होते. कपाची कड त्यांनी बोटाने चाचपून पाहिली. चिमी त्यांच्या शेजारी बसली आणि तिने, न राहवून, सांगून टाकलं. "हा आमच्या यादीत नव्हता. मी नको म्हणत होते."

"माझ्याही नव्हता," थोरले म्हणाले. "लोक हसले ना, मला वाटलं हलका झाला. मग मी त्याच्याकडे पाठ फिरवली. आज लोक हसत होते तेव्हा मी नीट ऐकलं. ते काही हलकं हसणं नव्हतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "कुणी निवडला?"

"औषधाच्या दुकानवाल्यांनी."

"त्यांना सांगा, गुण आला."

मामा मात्र मामाच होता. घरी जाताना, बूट हातात घेऊन चालत तो म्हणाला, "थोरल्यांनी सांगितला तो चित्रपट थोर होता, चिमे. त्यांनी काढलाय तो अजून सुमारच आहे."

आठवड्याभराने चिमीने घरी 'आईचं कपाट' लावला. तिला ती गल्ली बघायची होती. उतार आला, फुंकर आली, दगड आला, आरशात ढग शिरला आणि निघाला. घरं सुरू झाली, छपरांच्या कडा सरकल्या, तारा सरकल्या. उजवीकडे वरच्या मजल्यावर खिडकी होती. खिडकी बंद होती.

तिने मागे घेऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा. बंद. बाई नव्हती, टॉवेल नव्हता. पण चिमीला ती स्पष्ट आठवत होती. केसांचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेलंसुद्धा. आणि हे कोपराचं तर थोरले बोललेच नव्हते. तिने नवऱ्याला हाक मारली. तो म्हणाला, "होती की. निळा टॉवेल." गोळीवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, "पिवळा." मामाला फोन केला. मामा चिडला. "होती म्हणजे काय? मी पाहिली ना डोळ्यांनी. तुझी कॉपी तोकडी असेल. हल्ली कापाकापी करतात."

दोन दिवस तिने धीर गोळा केला आणि थोरल्यांच्या घरी फोन लावला. लेकीने काही न विचारता तो बाबांकडे दिला. चिमीने चाचरत सांगितलं, की खिडकी बंद आहे.

"बंदच आहे," थोरले म्हणाले. "कॅमेरा समोरच्या गच्चीवर होता. ते टिपून झालं, कॅमेरा बंद केला. भावांचं काम करणारी मुलं कपाट परत आणत होती, दमून, हसत. तेव्हा ती बाई आली खिडकीत. तिने खाली आरशात पाहिलं आणि हसली. मी गच्चीवरून बघत होतो. ओरडलोसुद्धा, पण कॅमेरा सुरू होईपर्यंत आरसा पुढे गेला होता. मग आम्ही तिला विनंती केली, पुन्हा उभी केली, पुन्हा कपाट नेलं. नाही आलं ते. तिला कळलं होतं ना, आपल्याला बघताहेत. म्हणून बंद खिडकीचंच चित्र ठेवलं. पण तुम्हाला ती कशी माहीत?"

"तुम्हीच सांगितलीत. रविवारी."

"मी?"

"हो. केस पुसताना. टॉवेल तसाच हातात."

थोरल्यांनी, अगदी हळू, विचारलं, "दिसली का लोकांना?"

"दिसली," ती म्हणाली. "सगळ्यांना दिसली. आमच्यात टॉवेलच्या रंगावरून भांडणं लागलीत."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, पण नीट ठेवला गेला नसावा. खोलीतल्या घड्याळाची टिकटिक येत राहिली, आणि तिच्या पलीकडे एका म्हाताऱ्या माणसाचं हसू. थोड्या वेळाने लेकीने फोन उचलला.

"काय सांगितलंत तुम्ही बाबांना?" ती विचारत होती. "खिडकीपाशी जाऊन उभे राहिलेत. हसताहेत एकटेच."